मरणाचं चित्र आणि माझी सोयरीक

स्वतःची जमलेली सोयरीक स्वतःच्याच तोंडाने मोडायला बसलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? नसेल पाहिला तर नीट बघून घ्या, तो तुमच्यासमोरच बसलाय. चहा एवढ्यात संपवू नका, गोष्टीला थोडा वेळ लागतो.

पोलीस अ‍ॅक्शन होऊन, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात येऊन, पाच-सहा वर्षं झाली होती. मी जिंतूरच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. हैदराबादला दोन वर्षं चित्रकला शिकून नुकताच आलो होतो आणि खरं सांगायचं तर डोक्यात वारं शिरलं होतं. तिथे आमच्या गुरुजींकडे जर्मन चित्रकारांचं एक जाडजूड पुस्तक होतं. पहिल्या महायुद्धातून कसेबसे जिवंत परतलेले हे लोक. त्यांनी टेबलावरची साधी भांडीकुंडी काढली तरी ती ओरडतायत असं वाटायचं. जाड काळ्या रेघा, तिरकं टेबल, त्यावर कवटी, सुरी, विझलेली मेणबत्ती. गुरुजी म्हणायचे, "पोरांनो, ही वस्तूंची चित्रं नाहीत. ही कवटी म्हणजे मरण, ही सुरी म्हणजे युद्ध. वस्तू कशी दिसते ते काढू नका, आपल्या आत काय ओरडतंय ते काढा." या प्रकाराला एक्स्प्रेशनिझम म्हणतात. हा शब्द जिभेवर बसायला मला पंधरा दिवस लागले, पण एकदा बसला तो उतरायचं नाव घेईना.

आणि आत ओरडणारं माझ्याकडे होतं, ते काही उसनं नव्हतं. चारठाण्याच्या अलीकडे आमचं गाव. संस्थान जायच्या आधीच्या त्या गडबडीच्या, जाळपोळीच्या सालात अख्खं गाव हाताला लागेल ते घेऊन वऱ्हाडात पळालं. दोन महिन्यांनी माघारी आलो तेव्हा आमच्या घराच्या जागी चार काळ्या भिंती उभ्या होत्या. शेजारचे दोघं तर परत आलेच नाहीत. त्या दिवसापासून मला नीट झोप लागत नव्हती आणि हे मी कुणाला बोललोही नव्हतो.

म्हणून मी ते चित्र काढायला घेतलं. सामान गावाकडूनच आणलं. आमच्या रानात राखणीला खांबावर पवळ्याची कवटी होती. पवळ्या म्हणजे आमचा मेलेला बैल. ती कवटी दादाला न विचारता उतरवली. तिथल्याच बुजगावण्याचं काळं मडकं, चुन्याच्या ठिपक्यांचं, तेही उचललं. टेबलावर लाल कापड टाकलं, ते एका बाजूने खाली ओघळत ठेवलं. एक लिंबू घेतलं आणि त्यात सुरी खुपसून ठेवली. शेजारी कापसाची फुटलेली बोंडं. मागे सगळं आभाळ भडक पिवळं. साडेतीन हात लांबीचं चित्र, दोन महिने घासत होतो. पुरं झालं तेव्हा मी त्याच्यासमोर मांडी घालून बसलो आणि मला वाटलं, आपण हे जगाला सांगून टाकलं. आता जग काय ते बघून घेईल.

तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही शेतकऱ्याच्या घरात जन्मलात, मग कवटी, मडकं, सुरी-लिंबू हे कशाकशाला वापरतात ते तुम्हाला ठाऊक नव्हतं का? होतं हो. पण हैदराबादच्या त्या पुस्तकाने माझे डोळे असे धुऊन काढले होते की लहानपणापासून पाहिलेलं सगळं वाहून गेलं होतं.

आता सोयरिकीचं ऐका. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, मला घेऊन झरीला मुलगी बघायला गेला. मुलीचं नाव कौसल्या. तिने पोह्यांची ताटली ठेवली आणि खाली बघायचं सोडून सरळ माझ्याकडे बघत विचारलं, "शाळेत काय शिकवता?"

"चित्रं," मी म्हणालो.

"कशाची?"

एवढं साधं विचारलं तिने, आणि मी केळ्याची, पेरूची, बादलीची, असं काहीतरी पुटपुटलो. ती हसली नाही, नुसती मान हलवली. घरी परतताना मोटारीत मी दादाला सांगून टाकलं, लग्न करीन तर हिच्याशी. याआधी दोन ठिकाणी माझी सोयरीक फिसकटली होती. ड्रॉइंग मास्तर हा कामधंदा असतो यावर कुणाचा विश्वासच बसत नव्हता. तेव्हा मला वाटलेलं वाईट या तिसऱ्या खेपेच्या धास्तीपुढे काहीच नव्हतं. ही मुलगी मला हवी होती आणि ती न मिळाली तर माझं काय होईल हे मला ठाऊक नव्हतं.

मुलीचे वडील नारायणराव. कापसाचं रान, बोलणं बेताचं. ते म्हणाले, "पोरगी दाखवली. आता आमी येतो, मास्तर कसे राहतात ते बगतो."

आमच्याकडे बघायला येण्याची ही रीत पक्की. माणसाचं घर बघितलं की माणूस कळतो म्हणतात. माझं घर म्हणजे जिंतुरातली भाड्याची एक खोली, आणि त्या खोलीत बघण्यासारखं एकच होतं. समोरच्या भिंतीवर, आत पाऊल टाकताच डोळ्यांवर येणारं.

दादा सकाळीच आला, चित्राकडे बघून उभाच राहिला.

"ही आपल्या पवळ्याची कवटी की."

"हो."

"म्हणून दोन महिन्यांपासून रान उघडं पडलंय. म्या साऱ्या गावावर आळ घेतला न् चोर घरातच." मग त्याने आवाज खाली आणला. "हे बघ, माणसं यायच्या आत ते काढ. कॅलेंडर लाव एखादं लक्ष्मीचं."

"दादा, हीच माझी ओळख आहे."

"ओळख लग्नानंतर दाखव की. काय घाई हाय?"

मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर आज तुम्हाला सांगायला काय होतं माझ्याकडे?

दुपारच्या मोटारीने नारायणराव आले. सोबत त्यांची थोरली बहीण, सोनाआत्या. त्या घरात शेवटचा शब्द या बाईचा, असं दादाने मला बजावून ठेवलं होतं. चहा झाला. नारायणरावांनी बशी खाली ठेवली आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. ते उठले, चित्रापाशी गेले, धोतराचा सोगा हातात धरून बराच वेळ उभे राहिले. दादाने डोळे मिटून घेतले.

"मास्तर, हे तुमी काढलं?"

"हो."

"आक्का, हिकडं ये. बग."

सोनाआत्या आल्या. त्यांनी चित्राला नाक लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं आणि एकदम मागे वळल्या. त्यांचा सगळा चेहरा फुलून आला होता.

"अगं माय. नवरदेवाची सुरी."

"लिंबू टोचून तयार," नारायणराव म्हणाले.

"आन हे लाल?"

"शालू असंल."

"मागं सारं पिवळं केलंय बग. हळद लागली, हळद." आत्याबाई माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाल्या, "तोंडानं सांगायला लाजतंय लेकरू. चित्रातून हो म्हणलंय."

मी तोंड उघडलं, पण नारायणराव पुढे सरकले होते. "कवटी हाय, ठिपक्याचं मडकं हाय. म्हणजे बग आक्का, संसार मांडायच्या आधी नजर लागू नये म्हणून बंदोबस्त केलाय गड्यानं. आन बोंडं कशी फुटलीत. आमच्या रानात लय वर्सांत असं बोंड न्हाई पाह्यलं."

दादाने एक डोळा उघडला, मग दुसरा. माझ्याकडे असं पाहिलं की वाटावं, जन्मात पहिल्यांदा त्याला माझा अभिमान वाटतोय. आत्याबाईंनी पिशवीतून नारळ काढला. "आमचं ठरलं," त्या म्हणाल्या. "कुंकू कुठं ठेवता?"

बघा आता. पाच मिनिटांत सोयरीक जमली होती. मी फक्त गप्प बसायचं होतं. जगातल्या कुठल्याही माणसाने कुंकवाचा करंडा पुढे केला असता. पण मी चित्रकार होतो ना. माझ्या दोन महिन्यांच्या चित्राला हे लोक लग्नपत्रिका समजत होते, हे मला सोसेना.

"नाही," मी म्हणालो. "तुमचा गैरसमज झालाय."

दादाने मला कोपर मारलं. मी कोपर बाजूला सारलं, टेबलावरची फूटपट्टी घेतली आणि चित्रासमोर उभा राहिलो, वर्गात राहतो तसा.

"ही कवटी म्हणजे मरण."

"ती राखणीची असती," नारायणराव म्हणाले.

"रानात असते. इथे मरण. हे मडकं म्हणजे जळालेल्या माणसाचं डोकं."

आत्याबाईंनी नारळ छातीशी धरला. "आन त्याच्याखाली बसून तुमी जेवता?"

"ही सुरी म्हणजे युद्ध."

"आन लिंबू?"

"लिंबू म्हणजे माणूस."

"माणूस आंबट व्हय?" आत्याबाईंनी दादाला विचारलं. दादाला खोकला लागला तो थांबेना. दोन घोट पाणी पिऊन तो कसाबसा बोलला, "मास्तर गंमत करायलाय. शाळेत पोरांना असंच हसवायची सवय हाय त्याला."

"गंमत नाही, दादा," मी म्हणालो. काय माणूस होतो मी, देवा. "हे लाल म्हणजे शालू नाही, रक्त. हा कापूस म्हणजे कफनाचं कापड. आणि हे पिवळं हळद नाही."

"मग काय हाय?" नारायणरावांनी हळूच विचारलं.

"पेटलेलं गाव."

आत्याबाईंनी नारळ परत पिशवीत घातला आणि पिशवीची गाठ मारली. ती गाठ मारताना मी पाहिली आणि तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करून बसलोय. हातातली फूटपट्टी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

"कुठलं गाव?" नारायणराव म्हणाले.

"आमचं. त्या सालातलं."

ते खाटेवर बसले. "आमीबी पाह्यलंय, मास्तर. झरीतून माणसं निघून गेली तवा मी मागं राह्यलो, जनावरं होती म्हणून. पलीकडचं गाव जळताना माळावरनं बगत होतो." मग त्यांनी चित्राकडे बोट केलं. "पर तुमचं चुकलंय. गाव जळतं तवा पिवळं दिसत न्हाई. लाल बी न्हाई. निस्ता धूर दिसतो, राखाडी."

माझ्या चित्राची एवढी खरी परीक्षा हैदराबादच्या गुरुजींनीही कधी केली नव्हती.

"हे मी घेऊन जाऊ?" ते उठत म्हणाले.

"कशाला?"

"पोरीला दाखवतो. तिला इचारल्याबिगर आता काय सांगता येत न्हाई."

"नारायण, असलं घरात नेतो?" आत्याबाई म्हणाल्या. पण त्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळच्या मोटारीच्या टपावर माझं चित्र दोरीने बांधलं गेलं, एका शेळीच्या शेजारी. ते डोळ्यांआड होईपर्यंत मी अड्ड्यावर उभा होतो.

पुढचे आठ दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. दादा जाताना एवढंच म्हणाला, "तुझं तोंड शिवून आणायला पाह्यजे होतं." वर्गात पोरांनी फुलदाणी काढली तरी मला तिच्यात कौसल्याच दिसायची. मी पोरांवर विनाकारण चिडायचो आणि मग त्यांची माफी मागायचो. हेडमास्तरांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना. मरणाचं चित्र काढणाऱ्या माणसाला तेव्हा पहिल्यांदा खरं भ्या वाटलं होतं, आणि ते एका मुलीच्या 'नाही'चं होतं.

नवव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. नारायणरावांच्या वळणदार अक्षरात दोनच ओळी. 'पोरगी हो म्हणते. चित्र आमच्याकडेच ठेवून घेतो.'

अहो, मी शाळेच्या आवारात नाचलो. कार्ड हातात घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेलो, मग शिपायाला दाखवलं, मग समोरच्या हॉटेलवाल्याला. सगळ्यांना एकच सांगत होतो. आत्याबाईंना कळलं नाही, दादाला कळलं नाही, पण तिला कळलं. अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच माणूस निघाला ज्याला एक्स्प्रेशनिझम समजतो, आणि तो माणूस माझी बायको होणार आहे. हॉटेलवाल्याला एक्स्प्रेशनिझम म्हणजे काय ते मी अर्धा तास समजावलं. त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत, बहुतेक मी लवकर जावं म्हणून.

लग्न उन्हाळ्यात झालं, झरीला. हळद लागली आणि रीतीप्रमाणे माझ्या हातात सुरी दिली, टोकाला लिंबू टोचलेली. हातातून ती खाली ठेवायची नाही. मी ताठ मानेने मांडवात बसलो होतो तर सोनाआत्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "मास्तर, लिंबू जपून धरा बरं का. माणूस हाय त्यो."

मांडव हसला. मीही हसलो. मला काही वाटलं नाही, कारण मी जिंकलेला होतो. बाजूला बसलेली कौसल्या हसत नव्हती, मान खाली घालून होती, आणि मला वाटलं, बघा, हिला या हसण्यामागचं दुःख कळतंय.

दिवाळीला पहिल्या सणासाठी आम्ही झरीला गेलो. नारायणराव मला रान दाखवायला घेऊन निघाले. कौसल्या मागून येत होती. कापूस फुटून पांढरा झाला होता, बायका वेचणीला लागल्या होत्या. आणि रानाच्या मधोमध, चांगल्या उंच खांबावर, माझं चित्र.

मी जागच्या जागी थांबलो.

"आक्का घरात ठेवू देईना," नारायणराव म्हणाले. "म्हणलं, मग जिथलं हाय तिथं लावू."

अख्खा पावसाळा त्याने अंगावर घेतला होता. सरसात कालवलेले माझे रंग, ते काय टिकणार? सुरी पुसट झाली होती, लाल कापड वाहून खालपर्यंत आलं होतं. पिवळं आभाळ तर पार धुऊन निघालं होतं आणि त्याच्या जागी राखाडी, धुरकट, ओल धरलेला रंग पसरला होता. पवळ्याची कवटी मात्र तशीच होती, काळ्या रेघांत, वेचणाऱ्या बायकांकडे बघत.

"आता बराबर झालं बगा," नारायणराव म्हणाले. "असंच दिसत होतं, माळावरनं." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला आजही आठवतो. मग ते म्हणाले, "औंदा डुक्कर फिरकलं न्हाई. शेजारचा नामदेव म्हणायलाय, मलाबी एक काढून द्या. आन त्याचा मेव्हणाबी."

तुम्हाला सांगतो, हैदराबादच्या मोठमोठ्या चित्रकारांना जे मिळालं नाही ते मला मिळालं होतं. उघड्या आभाळाखाली प्रदर्शन, येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून बघणार, वर दोन मागण्या. माझी छाती फुगली. नारायणराव वेचणीकडे वळले आणि मी कौसल्येबरोबर बांधावरून घराकडे निघालो. लग्नाला सहा महिने होत आले होते, पण एक गोष्ट मी तिला विचारलीच नव्हती. आता विचारायला याहून चांगली वेळ कोणती?

"त्या दिवशी तुझ्या बापूंनी चित्र आणलं," मी म्हणालो, "त्यांनी सगळा अर्थ सांगितला असेल ना तुला?"

"सांगितला की. कवटी म्हणजे मरण, मडकं म्हणजे मरण, कापूस म्हणजे मरण."

"आणि तरी तू हो म्हणालीस."

"म्हणून तर हो म्हणाले."

मी थांबलो. "म्हणजे तुला कळलं तर. मला काय म्हणायचं होतं ते."

"कळायला काय अवघड होतं?" ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. "आत्या म्हणत होती, मास्तर येडा हाय. बापू म्हणत होते, पोळलेला हाय. मी म्हणलं, ज्या माणसाला लिंबात बी मरण दिसतं, त्यो बिचारा त्या खोलीत एकटा झोपतो तरी कसा? लय भेदरलाय त्यो. कुणीतरी सोबतीला पाह्यजे. म्हणून आले."

सहा महिने जिंतुरात मी सांगत फिरत होतो की माझ्या कलेने माणूस जिंकला. आणि ही बाई मला रात्रीची सोबत करायला आलेली. तरी मी मोठ्या आशेने विचारलं, "आणि आता? अजून भेदरट वाटतो मी?"

"न्हाई," ती म्हणाली. "आता कळलंय मला. भित्रं न्हाईत तुमी. निस्तं बोलता लय."

तिचं म्हणणं कसं चुकीचं आहे, हे मी तिला बांध संपेपर्यंत समजावून सांगत होतो.